भूतकाळ नसलेला बोर्ड

नव्या सर्किट बोर्डावरच्या नव्या आयसीत पहिल्यांदा प्रोग्रॅम टाकायला घेतला की पुष्कळदा कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकच ओळ उमटते: समोरून उत्तर येत नाही. जोडणी पुन्हा तपासा, एवढा सल्ला तिच्या शेपटाला असतो. ही ओळ लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण प्रोग्रामरला, म्हणजे आयसीत कोड भरणाऱ्या यंत्राला, त्याच्या जागेवरून तेवढंच कळतं. आयसीपर्यंत सप्लाय पोचला नसेल तरी हीच ओळ येते. एखादा पाय पॅडवर टेकलाय पण सोल्डरनं धरलेला नाही, तरी हीच. आयसी फिरून बसला असेल, रिसेटचा ट्रॅक तुटला असेल, आतलं घड्याळ बंद असेल, किंवा सगळं जागच्या जागी असून प्रोग्रामरच घाईनं बोलत असेल, तरी हीच. कारणं कितीही असोत, मौनाचा चेहरा एकच. म्हणून अशा वेळी मी लगेच बिघाड शोधायला बसत नाही. या एका मौनाची दोन, दोनाची चार वेगवेगळी मौनं कशी करता येतील, ते आधी बघतो.

मी या कामात आलो तो दुरुस्तीच्या वाटेनं. सांगलीला शिकत असताना संध्याकाळी एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसायचो. दुकानाचे मालक अण्णा मीटर हातात घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचे आणि विचारायचे, "शेवटचा कधी चालला? आणि बंद पडायच्या आधी घरात काय काय झालं?" गिऱ्हाईक सांगायचं: काल रात्री बातम्या बघितल्या, मग लाइट गेली, परत आली तेव्हा बल्ब एकदम लख्ख झाले. तोवर अण्णांचा स्क्रू ड्रायव्हर सप्लायच्या बाजूला पोचलेला असायचा. बंद पडलेली वस्तू दुरुस्तीवाल्याच्या हातात एक मोठी खात्री घेऊन येते. ती एकदा चालत होती. म्हणजे तिची आखणी बरोबर आहे, भाग आपापल्या जागी आहेत, जोडण्या जिथं हव्यात तिथं आहेत. मध्ये काहीतरी बदललंय, आणि शोध फक्त त्या बदलाचा आहे.

नव्या बोर्डापाशी ही खात्री नसते. त्याची आखणी पहिल्यांदाच कागदावरून तांब्यात उतरलेली असते. त्यावरचा प्रत्येक जोड पहिलाच, आयसी पहिल्यांदाच बसवलेला, कोड पहिल्यांदाच लिहिलेला. चूक यांपैकी कशातही असू शकते, आणि एकाच ठिकाणी असेल असंही कुणी सांगितलेलं नसतं. मागं जाऊन टेकावं अशी जागाच नाही. अशा बोर्डाला आधी थोडासा भूतकाळ तयार करून द्यावा लागतो. आज सकाळी इथपर्यंत सप्लाय आला होता, दुपारी रिसेट खाली गेला होता, असा. एकेक गोष्ट घडवायची, ती घडल्याची खात्री करायची, मग तिच्या खांद्यावर पुढची.

पुण्यात माझ्याकडे असे न बोलणारे बोर्ड येतात. मागच्या वर्षी एक मुलगा आला, निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या घरातला, नुकताच इंजिनिअर झालेला. द्राक्षावर डाऊनी, म्हणजे केवडा, येतो तेव्हा पान किती तास ओलं राहिलं याला फार महत्त्व असतं. ओलावा टिकला की बुरशीला आत शिरायला वाट मिळते. पाऊस झाला, धुकं पडलं, की बागायतदार अंदाजानं फवारणी करतो. याला तो अंदाज थोडा पक्का करायचा होता. पानाच्या आकाराच्या पट्टीवर तांब्याच्या बारीक रेघा, त्यांवर दव बसलं की बदलणारं माप, ते वाचणारा अ‍ॅटमेगा ३२८पी, आणि वाचलेलं घरापर्यंत पाठवणारा छोटा रेडिओ. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो, त्यात चालणारा. सगळं ३.३ व्होल्टवर, बॅटरीवर. बोर्ड सुबक होता. पण आयसी बोलत नव्हता.

"सर, आयसी मेलेलाच आलाय बहुतेक. दुसरा लावून पाहिला, तोही मेलेला."

"मेला म्हणायला आधी तो जिवंत होता हे तुला कुणी सांगितलं?"

तो हसला, पण त्याच्या हातात वही होती आणि त्या वहीत त्याचे दिवस होते. प्रत्येक ओळीत एक उपाय आणि पुढं तेच दोन शब्द: फरक नाही. केबल बदलली, फरक नाही. वेग कमी केला, फरक नाही. रिसेटचा कपॅसिटर काढला, फरक नाही. रेडिओच्या सिलेक्ट पायाला रेझिस्टर लावून पाहिला, फरक नाही. क्रिस्टल बदलला, फरक नाही. वही नीटनेटकी होती, एका वेळी एकच बदल करायचा ही शिस्तही पाळलेली होती. त्या शिस्तीनंच त्याला अडकवलं होतं, पण ते कळायला आम्हाला संध्याकाळ झाली.

मी शिकत होतो तेव्हा आयसीत प्रोग्रॅम टाकणं हा वेगळा सोहळा असायचा. इंटेलचा ८०५१ हा १९८० सालचा. आमच्या कॉलेजांत पुढं कित्येक वर्षं त्याचंच राज्य होतं. त्याच्याच घराण्यातल्या ८७५१ ला पाठीवर काचेची खिडकी असे. इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये आणलेल्या ईप्रॉमची ती देणगी. आतलं पुसायचं तर आयसी बोर्डावरून काढायचा, अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, मग प्रोग्रामरच्या खटक्याच्या सॉकेटमध्ये बसवून नवा कोड भरायचा, खिडकीवर चिकटपट्टी लावायची आणि पुन्हा बोर्डावर नेऊन दाबायचा. वेळखाऊ काम. पण त्यात एक सोय आपोआप मिळत होती. आयसी आणि बोर्ड यांची परीक्षा वेगवेगळी व्हायची. सॉकेटमध्ये आयसी वाचता आला तर तो धडधाकट आहे, आता भांडण बोर्डाशी, हे ठरलेलं.

पुढं बोर्डावर बसल्या जागीच आयसी लिहिता येऊ लागला. नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममधल्या आल्फ-एगिल बोगन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघालेला एव्हीआर अ‍ॅटमेलनं १९९० च्या दशकात बाजारात आणला, तो सहा तारांवर लिहिता येणारा आणि विजेनंच पुसता येणारा. काचेची खिडकी गेली, सॉकेट गेलं, आयसीचे पाय सरळ बोर्डाला सोल्डर झाले. याच घराण्यातल्या अ‍ॅटमेगा ३२८पी चा चौकोनी अवतार सात मिलिमीटरचा, बत्तीस पायांचा, दोन पायांमध्ये ०.८ मिलिमीटर. काम झटपट झालं. पण आता आयसी आधी बोर्डात रुततो आणि मग त्याच्याशी पहिलं बोलणं होतं. आयसीचा दोष, बोर्डाचा दोष आणि दोघांच्या जोडीचा दोष एकाच ओळीत येऊन बसतात.

ते पहिलं बोलणं कसं होतं, हे मला अजूनही फार आवडतं. प्रोग्रामर रिसेटचा पाय खाली धरतो, निदान २० मिलिसेकंद थांबतो, आणि चार बाइट पाठवतो: एसी, ५३, ००, ००. आयसी ऐकत असेल तर तिसरा बाइट आत जात असताना तो दुसरा बाइट, ५३, जसाच्या तसा परत करतो. काम सांगण्याच्या आधी ऐकू येतंय ना याची ही विचारणा. आजी गोष्ट सांगताना मध्येच थांबायची आणि अंथरुणातून "हं" आलं तरच पुढं जायची, तसा हा हुंकार. ५३ परत आला नाही तर डेटाशीट सांगते, रिसेट क्षणभर वर करा, पुन्हा खाली घ्या, पुन्हा विचारा. तरीही आलाच नाही तर पडद्यावर ती ओळ. निफाडच्या बोर्डाचं गाडं या हुंकाराशीच अडलं होतं.

आम्ही वही बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आधी डोळे. आयसीच्या कोपऱ्यावरचा ठिपका बोर्डावरच्या खुणेशी जुळतो का. मग सप्लाय न लावता मीटरचा बझर: सप्लाय आणि ग्राउंड एकमेकांना चिकटलेले नाहीत ना. मग सप्लाय. मुलगा रेग्युलेटरपाशी मोजत होता आणि ३.३ म्हणत होता. "तिथं नको, आयसीच्या पायावर मोज." दोन व्हीसीसी, एक एव्हीसीसी, तीन ग्राउंड. एडीसी वापरत नाही म्हणून एव्हीसीसी मोकळा सोडणारे मी पाहिलेत, त्याचाही सप्लाय जोडावाच लागतो.

पायावर मोजतानाही एक गंमत असते. ज्याला आपण ड्राय सोल्डर म्हणतो, त्यात पाय पॅडला नुसता टेकलेला असतो. मीटरचं टोक त्या पायावर दाबलं की पाय खाली बसतो, सप्लाय पोचतो, मीटर ३.३ दाखवतं. टोक उचललं की पुन्हा अंधार. बिघाड मोजायला गेलो की बिघाड नाहीसा. म्हणून मी एकदा पायाच्या वरच्या बाजूला अगदी हलक्या हातानं मोजतो, एकदा पॅडवर मोजतो, आणि शंका आली तर सरळ फ्लक्स मारून गन फिरवतो. उलटंही होतं. व्हीसीसीचा पाय सुटलेला असतो आणि तरी आयसी अर्धवट जागा होतो, कारण प्रोग्रामरच्या तारांमधून शिरलेला करंट पायांच्या आतल्या संरक्षक डायोडमधून सप्लायपर्यंत पोचतो. तेव्हा मीटरवर ३.३ ऐवजी त्याहून कमी काहीतरी दिसतं. तो कमीपणा ज्याच्या लक्षात येतो त्याचे पुढचे चार तास वाचतात. निफाडच्या बोर्डावर यांपैकी काही नव्हतं. सप्लाय सगळीकडे नीट होता. रिसेट एरवी वर होता आणि प्रोग्रामर सुरू झाला की खाली जात होता. आमच्या बोर्डाच्या इतिहासाची ही पहिली दोन पानं.

मग मुलानं स्कोपचं टोक क्रिस्टलवर ठेवलं आणि विजयानं माझ्याकडे बघितलं. "बघा सर, सपाट रेघ. घड्याळच चालत नाहीये."

रेघ सपाट होती हे खरं. ती सपाटच असायला हवी होती, हेही खरं. कारखान्यातून निघालेल्या अ‍ॅटमेगा ३२८पी ला बाहेरच्या क्रिस्टलची ओळखच नसते. तो आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालतो, आणि तेही आठनं भागून, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर. शेजारी चकचकीत क्रिस्टल सोल्डर करून ठेवला तरी फ्यूज, म्हणजे आयसीच्या आतली सेटिंग, बदलून सांगेपर्यंत तो त्याच्याकडे बघत नाही. आणि फ्यूज बदलायचा तर आधी बोलणं व्हायला हवं.

एवढा संथ का? कारण कारखान्याला हा आयसी कुठल्या बोर्डावर जाणार ते माहीत नसतं. तो १.८ ते ५.५ व्होल्टवर चालतो, पण १.८ व्होल्टवर त्याला ४ मेगाहर्ट्झच्या वर पळवता येत नाही. २.७ व्होल्टला १०, आणि ४.५ व्होल्टच्या पुढं २०. कुणाच्याही घरी गेला तरी चालेल असा वेग एकच, हळू. बॅटरीवाल्यांना तर हा संथपणा हवाच असतो. १.८ व्होल्ट आणि १ मेगाहर्ट्झवर हा आयसी ०.२ मिलिअँपिअरमध्ये काम करतो. नव्या आयसीचा हा सावध स्वभाव एकदा कळला की तो मेला असं म्हणायची घाई होत नाही.

पण या स्वभावाची एक अट आहे. लिहिण्याचं हे बोलणं आयसी स्वतःच्या घड्याळावर ऐकतो. प्रोग्रामरच्या क्लॉकचा वेग आयसीच्या वेगाच्या चौथाईपेक्षा कमी हवा. १ मेगाहर्ट्झच्या आयसीला २५० किलोहर्ट्झच्या आत. मुलाजवळ होता तो यूएसबीएएसपी, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळणारा. थॉमस फिशल यांनी सगळ्यांसाठी खुल्या केलेल्या या आराखड्याचा नेहमीचा वेग ३७५ किलोहर्ट्झ. आयसी १.५ मेगाहर्ट्झपेक्षा हळू असेल तर बोर्डावरचा जंपर लावून वेग सुमारे ८ किलोहर्ट्झवर आणायचा, हे त्याच्या कागदपत्रांत पहिल्यापासून लिहिलेलं आहे. नव्या फर्मवेअरला तेच काम कमांडमध्ये सांगता येतं. पूर्वी जे आयसी या मुलानं कॉलेजात वापरले होते ते आधीच कुणीतरी १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर लावून ठेवलेले होते, त्यांना ३७५ म्हणजे काहीच नव्हतं. कोरा आयसी तो पहिल्यांदाच भेटत होता.

"पण सर, वेग कमी करून पाहिलाय मी. वहीत आहे."

वहीत होतं. आणि फरक पडला नव्हता, हेही होतं.

इथं थांबून मी एक वेगळा प्रश्न विचारायचं ठरवलं, ज्यात आयसीनं बोलण्याची गरजच नाही. प्रोग्रामर काढून टाकला. रिसेटचा पाय एका तारेनं ग्राउंडला बांधला. रिसेटमध्ये असताना या आयसीचे सगळे पाय हात सोडून देतात, कुठलीही रेषा वर किंवा खाली ओढत नाहीत. मग ज्या रेषेवरून उत्तर यायचं, ती मिसोची रेषा, मोकळी लोंबायला हवी. १० किलोओहमचा रेझिस्टर घेतला. त्याचं एक टोक मिसोवर, दुसरं ३.३ ला लावलं की रेषा वर गेली पाहिजे, ग्राउंडला लावलं की खाली आली पाहिजे. दोन्ही वेळा आली तर तिला कुणी धरलेलं नाही. एकदाही अडली तर कुणीतरी धरलंय, आणि तो आपला आयसी नक्कीच नाही.

रेषा वर गेली नाही. शून्याला चिकटून राहिली.

त्या दिवसभरातलं हे पहिलं उत्तर होतं, आणि ते नकारार्थी होतं. पण या नकाराला चेहरा होता. मिसो, प्रश्न नेणारी मोसी आणि क्लॉकची एससीके या तीन रेषा रेडिओकडेही जात होत्या. रेडिओ बोलतो कधी, तर त्याचा सिलेक्ट पाय खाली गेला की. आणि तो पाय खाली-वर करणार कोण, तर आपला आयसी. आयसी रिसेटमध्ये गेला की त्यानं हात सोडले, रेडिओचा सिलेक्ट पाय अधांतरी लोंबू लागला, आणि आपल्याला बोलावलंय असं समजून रेडिओनं मिसोचा ताबा घेतला. प्रोग्रामरच्या प्रश्नाला आयसीनं हुंकार दिला असता तरी रेडिओनं रेषा दाबून धरलेली होती. आम्ही सिलेक्ट पायाला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून तो ३.३ ला बांधला. मिसोची रेषा सुटली. आता ती रेझिस्टर सांगेल तसं वर-खाली करू लागली.

मुलगा वही उघडून बसला. "हेही मी केलं होतं."

केलं होतं. पण तेव्हा प्रोग्रामर ३७५ वर पळत होता. आणि वेग कमी केला होता, तेव्हा रेझिस्टर लावलेलाच नव्हता; फरक पडला नाही म्हणून वेग परत वाढवलेला. दोन कड्या आणि चार शक्यता: दोन्ही उपाय नाहीत, फक्त पहिला, फक्त दुसरा, दोन्ही. त्यानं पहिल्या तीन तपासल्या होत्या आणि तिन्ही वेळा पडद्यावर तीच ओळ आली होती. दोन्ही उपाय बरोबर होते, आणि दोघांवरही त्यानं स्वतःच्या हातानं काट मारली होती.

एका वेळी एकच बदल करा, हा नियम आपल्याला शाळेच्या प्रयोगवहीपासून शिकवलेला असतो. तो दुरुस्तीच्या दुकानात चोख चालतो, कारण तिथं बहुतेकदा बिघाड एकच असतो. नव्या बोर्डावर तो दगा देऊ शकतो. एकामागे एक दोन दरवाजे बंद असतील तर एकच उघडून काय उपयोग? बाहेर उभा असलेल्याला दोन्ही वेळा बंदच दिसणार. मग उपाय काय, सगळं एकदम बदलून टाकायचं? तसं केलं तर चालू झाल्यावर कशानं झालं ते कळत नाही. वाट मधली आहे. उपायाची पारख शेवटच्या निकालावरून करायची नाही, त्याच्या स्वतःच्या कामावरून करायची. रेझिस्टरचं काम रेषा मोकळी करणं आहे. ती मोकळी झाली का, हे रेषेवर बघायचं. झाली असेल तर रेझिस्टर तिथंच राहील, आयसी बोलो वा न बोलो. ते आता इतिहासात जमा झालं.

मग वेग कमी केला, साधारण ९४ किलोहर्ट्झवर आणला, आणि पडद्यावर तीन आकडे आले: १ई, ९५, ०एफ. पहिला उत्पादकाचा, म्हणजे अ‍ॅटमेलचा. दुसरा सांगतो की आत ३२ किलोबाइटची फ्लॅश आहे. तिसरा हा आयसी ३२८पी असल्याचं. अ‍ॅटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपनं विकत घेतली, तरी एव्हीआर अजूनही १ई च सांगतात. इथं ०एफ ऐवजी १६ आलं असतं तर तो ३२८पीबी निघाला असता. जवळजवळ तसाच दिसणारा, पण ३२८पी वर जिथं एक ग्राउंड आणि एक व्हीसीसी असतो तिथं साधे पोर्टचे पाय असलेला. आणि तिन्ही एफएफ आले असते तर रेषा वर अडकली आहे आणि बोलणारं कुणी नाही. तिन्ही शून्य आले असते तर रेषा खाली दाबली गेली आहे. दर वेळी वेगळे आले असते तर दोघं एकदम बोलताहेत, किंवा वेग अगदी काठावर आहे. उत्तर येत नाही या एका ओळीच्या पोटात एवढे वेगवेगळे नकार असतात. ते सुटे करता आले की काम निम्मं झालं.

कोड आत गेला. मुलगा खूश झाला, आणि मग जरा चिडून म्हणाला, "इतके दिवस हा नुसता पडून होता सर."

पडून नव्हता. कोऱ्या फ्लॅशमध्ये सगळे बिट १ असतात, म्हणजे प्रत्येक जागी एफएफ. ते एफएफ या आयसीला थांबवत नाहीत. तो पहिल्या जागेवर येतो, काही घडत नाही, पुढच्या जागेवर जातो, अशा १६,३८४ जागा ओलांडून शेवटाला पोचतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू करतो. १ मेगाहर्ट्झच्या वेगानं सेकंदाला साधारण साठ फेऱ्या. सप्लाय मिळाला आणि रिसेट वर राहिला, तो सगळा वेळ ज्याला आम्ही मेलेला म्हणत होतो तो आयसी मोकळ्या जागेवरून चकरा मारत होता. त्याचं घड्याळ बरोबर होतं, पाय बरोबर होते, डेटाशीटमधल्या प्रत्येक ओळीला तो जागत होता. रेडिओही आपल्या डेटाशीटला जागत होता. यूएसबीएएसपी तर त्याच्या कागदावर लिहिलंय तेच करत होता.

"मग सर, बिघाड कुठं होता म्हणायचं?"

बोर्डावर बोट ठेवून दाखवता येईल असं काही नव्हतं. सर्किटची आकृती कोण कुणाला जोडलंय ते सांगते, केव्हा ते सांगत नाही. प्रोग्रॅम चालू असताना रेडिओचा सिलेक्ट पाय आयसीच्या मुठीत असतो, तेव्हा ती आकृती निर्दोष आहे. तिच्यात न दिसणारा काळ म्हणजे कोड येण्याच्या आधीचा, आयसीनं हात सोडलेले असतात तो. अ‍ॅटमेलच्या हार्डवेअर आखणीच्या टिपणात, एव्हीआर०४२ मध्ये, प्रोग्रामिंगच्या रेषा दुसऱ्या भागांशी वाटून घेताना मध्ये रेझिस्टर घालायला सांगितलंय. अशा टिपणांमधली बरीचशी वाक्यं याच संक्रमणाच्या वेळेबद्दल असतात: सप्लाय चढत असतानाचा क्षण, रिसेटमधला क्षण, घड्याळ बदलतानाचा क्षण. घड्याळाचंच घ्या. आता फ्यूज बदलून याला ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर न्यायचा, आणि क्रिस्टल खरंच चालत नसेल तर हा आयसी त्या क्षणापासून बहिरा होणार, कारण ऐकायलाही त्याला घड्याळ लागतं. मग बाहेरून त्याच्या घड्याळाच्या पायाला चौकोनी लाट देऊन त्याला परत ऐकता करावं लागतं. फ्यूज बदलण्याच्या आधी मी मुलाला ते तयार ठेवायला लावलं. गरज पडली नाही. क्रिस्टलवर आता स्वच्छ लाट होती.

मला वाटतं, हे आपण शिकवत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांसमोर येतात ती किट्स. ती आधीच्या बॅचला चाललेली असतात, त्याच्या आधीच्या बॅचलाही. त्यामुळे प्रयोग फसला की चूक मुलाची, एवढाच हिशेब शिल्लक राहतो आणि शंभरात नव्वद वेळा तो खराही असतो. गप्प बसलेलं यंत्र म्हणजे आपल्यावरचा ठपका, हे तिथून डोक्यात बसतं. मग पहिला स्वतःचा बोर्ड गप्प बसला की मुलं एक तर आयसी मेला म्हणतात, नाही तर आपल्याला जमत नाही म्हणतात. दोन्ही निष्कर्ष सारखेच घाईचे. न चाललेल्या बोर्डासमोर बसून, कुणाला दोष न देता, एकेका रेषेला तू मोकळी आहेस का असं विचारण्याची सवय परीक्षेत मार्क मिळवून देत नाही. पण पुढच्या सगळ्या कामाचा पाया तीच असते.

मुलानं बोर्डाची पुढची आवृत्ती आखायला घेतली आहे. सिलेक्ट पायाला कायमचा रेझिस्टर, मिसोवर आणि रिसेटवर टोक टेकवायला गोल पॅड, आणि कोपऱ्यात छापलेली एक ओळ: कोरा आयसी, हळू बोला. पहिल्या आवृत्तीचे बोर्ड त्यानं रेझिस्टर लावून बागेत नेले. एक मात्र तसाच उरला होता, कोऱ्या आयसीचा, रेझिस्टर नसलेला. तो फेकू का, असं त्यानं विचारलं.

"कॉलेजात नेऊन दे ज्युनिअर पोरांना," मी म्हटलं. "सोबत एक प्रोग्रामर दे, तोही वेग न बदलता. काय झालंय ते सांगू नकोस. हा अजून एकदाही चाललेला नाही, एवढंच सांग."